जरा लागलंय

अपघाताची बातमी देताना नाना सगळं सांगत, फक्त नाव सोडून. ठिकाण, गाडी कुठून कुठे चालली होती, पोलीस पोचले की नाही, जखमींना कुठे हलवलं, हे एका दमात. मग म्हणत, "नाव नंतर. घरी कळलेलं नाही." आणि फोन ठेवत. जिल्हा पानाच्या डेस्कवर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला यापुढे काही करता येत नसे, कारण कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आमच्या पेपरचा दुसरा वार्ताहर नव्हता.

पोटापाण्यासाठी नानांचा कर्जत स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशाचे फोटो, सातबाराच्या झेरॉक्स. वार्ताहरकी त्यांनी हौसेने धरली आणि ती हौस सुटली नाही. स्वभावाने ते हट्टी होते, थोडे मानी होते आणि त्यांची बातमी नेहमी उशिरा येई. डेस्कवर त्यांच्या नावाने बोटं मोडली जात. एकदा वृत्तसंपादकांनी फोनवर सुनावलं, "नाना, आपण पेपर चालवतो, टपाल खातं नाही." नाना म्हणाले, "साहेब, तुमचा पेपर उद्या निघणार. त्या बाईचा माणूस आज गेलाय."

घरी जाऊन सांगण्याची त्यांची रीत ठरलेली होती. दारात चपला काढायच्या, पाणी मागायचं, दोन घोट घ्यायचे आणि म्हणायचं, "जरा लागलंय त्याला. काळजीचं काही नाही. पण तुम्ही चला." पुढचं दवाखान्याच्या व्हरांड्यात कळे, आणि तोवर नानांनी चार नातेवाईक गोळा केलेले असत. आपल्याकडे मृत्यू असाच सांगतात. थेट कोणी सांगत नाही. नाना हे काम पोलिसांपेक्षा चांगलं करीत, त्यामुळे हळूहळू पोलीसही त्यांनाच पुढे करू लागले. महामार्गावर काही घडलं आणि गावात नानांची स्कूटर दिसली की बाया हातातलं काम ठेवीत.

जायरोकॉप्टरचा अपघात हिवाळ्यातला. खालापूरच्या पुढे, रस्त्यापासून बरंच आत, हौशी उड्डाण करणाऱ्या काही मंडळींनी गवताची धावपट्टी केली होती. जायरोकॉप्टर म्हणजे दोन माणसांचं उघडं, हलकं यंत्र. डोक्यावर मोठं पातं, मागे इंजिन. लांबून पाहणारा त्याला हेलिकॉप्टरच म्हणेल. धावपट्टीवर जवळच्याच गावातला गणपत कामाला होता. गवत कापायचं आणि उड्डाणाच्या आधी चरायला आलेल्या म्हशी हाकलायच्या, एवढं त्याचं काम. यंत्र रोज पाहत असूनही तो त्यात कधी बसला नव्हता. त्या सकाळी वैमानिकाने त्याला सहज म्हटलं, "चल, आज तुझं गाव वरून दाखवतो."

गाव दिसलं नाही. धावपट्टीवर वेग घेतानाच यंत्राचं पुढचं चाक लवकर उचललं गेलं, यंत्र डावीकडे कललं, पातं जमिनीला घासलं आणि ते आडवं पडलं. वैमानिकाचा खांदा निखळला. गणपतच्या गळ्याखालचं हाड मोडलं आणि कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत जाऊ नये म्हणून कोणीतरी त्याच्या चेहऱ्यावर टॉवेल टाकला. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. टॉवेलने तोंड झाकलेला माणूस पाहून लोकांनी काय समजायचं ते समजलं. "हेलिकॉप्टर कोसळले, दोघे ठार" हा मजकूर चित्रणासह तालुकाभर फिरला. एका वाहिनीने तो तसाच खालच्या पट्टीवर चालवला.

डेस्कवरून नानांना फोन गेला तेव्हा ते दवाखान्यात होते.

"नाना, दोघे ठार म्हणताहेत."

"त्यातला एक इथे नर्सला शिव्या देतोय."

"नाव?"

"नंतर. घरी कळलेलं नाही."

गणपतचा मोबाइल पडताना फुटला होता. त्यानेच नानांना विनवलं, "नाना, तुमी सोता जा. सुनंदाला दुसरं कोनी सांगितलं तर घाबरंल ती."

सुनंदा, गणपतची बायको, शेतात वालाच्या शेंगा तोडत होती. हेलिकॉप्टर पडल्याचं तिथवर पोचलं होतं, पण ती निर्धास्त होती. सोबतच्या जावेला तिने सांगितलंही होतं, "आमचं मानूस खाली म्हशी हाकतंय. वर बसनारे येगळे." तेवढ्यात बांधावर नाना दिसले. चालून धाप लागलेली, हातात चपला. त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "सुनंदा, गणपतला जरा लागलंय. काळजीचं काही नाही. पण तू चल."

प्रत्येक शब्द खरा होता. सुनंदा मटकन खाली बसली. जावेने हंबरडा फोडला.

नाना गडबडले. "अगं, रडता काय? खरंच लागलंय. हाड मोडलंय. बोलतोय तो."

"नाना, खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

जाऊ म्हणाली, "आमच्या भावाच्या येळी पन तुमी हेच बोल्लेलात. जरा लागलंय, चला. आनि नेऊन चादर दाखवलीत."

आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावत आली. एक म्हातारी नानांची बाजू घेत म्हणाली, "त्यांना कशाला बोलतेस गं? ते मन राखतात मानसाचं." त्या वाक्याने उरलीसुरली आशा संपली. सुनंदा आता रडतही नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "तुमी आलात म्हनजे झालंच. जिता असता तर दुसरा कोनी आला असता."

नानांनी दवाखान्यात फोन लावला. गणपतला एक्स-रेला नेलं होतं. "थोड्या वेळाने करा," तिकडून उत्तर आलं. नानांनी ते जसंच्या तसं सांगितलं आणि माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एक काका बाजूला जाऊन लाकडांचं कोणाला तरी सांगून आले. म्हातारी सुनंदाजवळ सरकून तिचे हात धरू लागली, तेव्हा सुनंदाने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बांगड्या घट्ट धरून ठेवल्या. नाना तिच्यासमोर मातीत बसून फोन लावत राहिले. इतकी वर्षं ज्या कामासाठी लोक त्यांना मानत होते, त्या कामाने त्यांची जीभ निकामी केली होती.

शेवटी एका वॉर्डबॉयने गणपतच्या कानाला फोन लावला. नानांनी आवाज मोठा केला.

"कोन रडतंय रं तिकडं?" गणपतचा आवाज आला.

सुनंदा फोनकडे वाकली. "कोन बोलतंय?"

"तुझा नवरा. कोन हवा होता तुला?"

"मग तुला त्यात बसायला कोनी सांगितलं होतं?" सुनंदाने विचारलं आणि मग ती रडली. रडता रडता तिने त्याला बरंच काही सुनावलं. लाकडांचं सांगून आलेले काका मुकाट्याने परत निघाले.

संध्याकाळी नानांनी बातमी दिली. तिच्यात दोन्ही नावं होती आणि यंत्राचं नाव बरोबर होतं. शेवटचं वाक्य होतं, "दोघेही शुद्धीवर असून बोलत आहेत." डेस्कने प्रथेप्रमाणे ते "दोघांची प्रकृती स्थिर आहे" असं केलं आणि खात्री करण्यासाठी नानांना वाचून दाखवलं.

"स्थिर काढा," नाना म्हणाले.

"सगळे हेच लिहितात, नाना."

"दगडसुद्धा स्थिर असतो. माणूस बोलतोय, तर बोलतोय असं लिहा. आपल्या शब्दांवर कोणाचा विश्वास राहिलेला नाही, हे आज मी बांधावर बसून पाहिलंय."

वाक्य तसंच छापलं. इतरत्र वैमानिकाचं नाव आलं आणि गणपत "एक कामगार" राहिला. वाहिनीने पट्टी बदलली, खुलासा केला नाही. टॉवेलचं ते चित्रण अजूनही कुठल्याही विमान अपघाताच्या वेळी फिरायला लागतं, आणि गणपतला कोणी ना कोणी फोन करून तो आहे का ते विचारतं.

त्या दिवसानंतर नाना बदलले. घरी जाणं त्यांनी सोडलं नाही, पण ते वाक्य सोडलं. म्हणत, "मेलेल्याला जखमी म्हणत राहिलो, तर जखमीला जखमी म्हणायला शब्द कुठून आणू?" हे बोलणं सोपं होतं. करणं काय असतं ते मी एकदाच पाहिलं.

नाना गेल्या वर्षी गेले. त्याआधीच्या पावसाळ्यात काही कामासाठी मी कर्जतला होतो आणि त्यांच्या मागे स्कूटरवर बसलो होतो. भिवपुरीजवळ ओढ्यात पोहायला गेलेला एक तरुण बुडाला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील दारातच खुर्ची टाकून बसले होते. नानांनी चपला काढल्या. पाणी मागितलं नाही.

"दादा, तुमचा मुलगा गेला," ते म्हणाले. "ओढ्यात बुडाला. मी पाहून आलोय."

ते गृहस्थ उठले आणि त्यांनी नानांच्या तोंडात मारली. नानांचा चष्मा पायरीवर पडला. नानांनी तो उचलला नाही. तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्या गृहस्थांनी विचारलं, "कुठे ठेवलंय त्याला?" नानांनी दवाखाना सांगितला. शेजाऱ्यांना बोलावून वडिलांना रिक्षात बसवून दिलं, मग चष्मा शोधला.

परतताना नाक्यावर स्कूटर थांबवून नानांनी चष्म्याची वाकलेली काडी सरळ केली.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "एकदाही म्हणाले नाहीत, खरं सांगा म्हणून."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि डेस्कला मुलाचं नाव दिलं.