पाहुण्याचा वाटा

मंडळी, माझी जात संशयी माणसाची. गावात कोणाच्या अंगात आलं की मी पुढच्या रांगेत बसायचो, पण तमाशा बघायला. एकदा अंगात आलेल्या काकूला विचारलं होतं, "बाई, माझी बारावी निघंल काय?" ती घुमत घुमत म्हणाली, "निघंल!" नाही निघाली... तेव्हापासून भूत, भानामती, चकवा सगळ्यांना रामराम. तर अशा माणसाच्या तोंडून हे ऐकताय, एवढं ध्यानात असू द्या.

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण माय तिथे एकटी राहते आणि तिच्या दारात बघ्यांची गर्दी मला नको. आम्ही ढिवर, मासेमारी हाच पिढीजात धंदा. गावामागे जुना मोठा तलाव, पाळीवर, म्हणजे त्याच्या बांधावर, मोहाची झाडं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका सकाळी सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. नियम साधा — घरचा माणूस पाण्यात उतरला तर त्या घराला माशांचा वाटा. मजूर चालत नाही, जावई चालत नाही. आणि लागोपाठ दोन उन्हाळे ज्या घरचा माणूस पाण्यात नाही, त्या घराचं नाव तलावावरून जातं. एकदा गेलं की परत लागत नाही. बाबा वारल्यापासून आमच्या घरचा माणूस म्हणजे मी.

मी ज्या राइस मिलमध्ये होतो ती बंद पडली, म्हणून पुण्याला गेलो. पुणे हे आपलं नातेवाइकांना सांगायला हो! खरं तर वाघोलीच्याही पलीकडे, जिथलं नाव सांगितलं की रिक्षावाला आधी कपाळाला आठ्या घालतो. एका गोदामात सुपरवायझर. सहाव्या मजल्यावर घर, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि तिच्यातून आम्ही. नळाला टँकरचं पाणी. तलावाच्या पोटात पोहायला शिकलेला मी, आणि बायको सुनंदा बाथरूमबाहेरून ओरडते, "अहो, एका बादलीत आटपा!"

पहिल्या उन्हाळ्यात रजा मिळाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात नेमकी त्याच आठवड्यात मालाची मोजणी निघाली. साहेबांपुढे मी तलाव, वाटा, नियम, सगळं साभिनय सादर केलं. साहेब मनापासून हसले. "मासेच हवेत ना? इथे मिळतात की. साफ करून, पिशवीत."

त्या दिवशी मी खोकी मोजत होतो आणि तिकडे आमचं नाव जात होतं. संध्याकाळी मायला फोन लावला. शिव्या खायची पूर्ण तयारी.

"माय, गेलं ना आपलं नाव?"

"काऊन जाईन? तू उतरला तं होतास."

"मी? मी इथी आहो, पुण्याले!"

"पोहोचलास बी? म्हून अर्ध्या ताटावरून उठला व्हय! भात तरी पुरता जेवतास, बाप्पा."

म्हातारपण, असं म्हणून मी फोन ठेवला. जरा रडूही आलं. तेवढ्यात चुलतभाऊ नामदेवने मोबाइलवर फोटो पाठवला, कोणीतरी पाळीवरून काढलेला, खाली मजकूर — 'भाऊ, न सांगता पळाला ना बे!' फोटोत कमरेएवढ्या पाण्यात गडी रांगेने जाळं ओढतायत. सगळे पाठमोरे. मधोमध एक पाठ... लहानपणी माझ्या अंगावर गरम पेज सांडली होती, तिचा डाग उजव्या खांद्याखाली आहे. तो डाग त्या पाठीवर होता.

सुनंदाला दाखवला. ती म्हणाली, "तुमचीच पाठ. टक्कलही तुमचंच."

"अगं, सकाळी डबा तूच दिलास ना मला?"

"दिला ना. रिकामा परतसुद्धा आला." मग बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या संसारात तिने मला एवढं निरखून बघितल्याचं आठवत नाही.

गोदामात अंगठ्याची हजेरी आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ती तपासली. मी तिथेच होतो, दिवसभर. माझ्या बुटाला चिखल नाही, केसाला शेवाळ नाही. भुताटकीत माणसाला निदान एवढं तरी मिळतं हो! मला तेही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र नोकरी सोडण्याची धमकी देऊन रजा घेतली. नागपूरहून बस, बसमधून उतरून नामदेवच्या शेजाऱ्याची मोटारसायकल. सकाळी घरी पोहोचलो तर माय अंगणात भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "काय विसरलास?"

"काही नाई. आत्ता येऊन राह्यलो ना मी."

"आत्ता तं खांद्यावर दुपट्टा टाकून गेलास तलावावर." मग तिचं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं, बॅगेकडे गेलं.

मी धावत पाळीवर गेलो. जाळं निम्म्यावर आलं होतं. रांगेत, मधोमध, ती पाठ. ऊन होतं, लखलखीत ऊन, आणि डाग इथून स्पष्ट. मी ओरडलो, "ओ भाऊ! तोंड इकडे करा!" कोणी वळलं नाही. बूट फेकले आणि घुसलो पाण्यात. आता गंमत ऐका. ज्या गाळात मी म्हशीसारखा वाढलो, त्या गाळात चार पावलांत आडवा! नाकातोंडात पाणी. बाजूच्या गड्याने काखेत हात घालून उभं केलं आणि हाळी दिली, "पाहुण्याले धरा रे! बुडून राह्यला!" सगळा तलाव हसला. मी डोळे पुसेपर्यंत जाळं काठाला लागलं होतं, रांग मोडली होती, आणि ती पाठ कुठेच नव्हती.

वाटे पळसाच्या पानांवर लागले. दौलतभाऊ, गावातले सगळ्यात जाणते, एकेका घराचं नाव घेऊन देत होते. आमचं नाव येईचना. शेवटी मी हात पुढे केला.

"दौलतभाऊ, आमचा वाटा?"

"नेला ना तू! मरळ पाह्यजे म्हणून भांडून नेला." त्यांनी मला नीट न्याहाळलं. अंगावर भिजलेली पँट, कमरेला पट्टा, हातात घड्याळ. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "थांबा, थांबा. पाहुण्याले रिकाम्या हातानं धाडत नाई आपण." आणि पाळीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात ते ओंजळभर बारके मासे माझ्या हातात घातले. मला 'थांबा' म्हणाले, मंडळी! या माणसाने मला लहानपणी कान धरून तलावातून बाहेर काढलंय.

घरी आलो तर मरळीचा वास. चुलीजवळ एक उष्टं ताट, काटे एका बाजूला नीट रचलेले — जसे मी रचतो.

"कोण जेवून गेला, माय?"

तिने माझी ओंजळ पाहिली, मासे परातीत घेतले आणि राखेने साफ करायला बसली.

"माय, मी तुझा मुलगा आहो ना?"

"आहेस ना. तू पैसे पाठवतोस, तो मासे आणते. दोघंई माह्येच." मान वर न करता म्हणाली, "भांडू नका, बस."

मी तिला डॉक्टरकडे नेलं. नजर ठीक, डोकं आमच्यापेक्षा ठीक. नामदेव शपथ घेतो की दोन्ही वर्षं मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि वर विचारतो, पाण्यात नीट असणारा माणूस बाहेर आल्यावर असा येड्यासारखा काऊन करते? कोणी मानसिक म्हणालं, कोणी बाबांचं काही राहिलं असेल म्हणालं. बाबांच्या पाठीवर डाग नव्हता. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर खुशाल लिहा.

आमचं नाव तलावावर शाबूत आहे. सुनंदा म्हणते, मग बिघडलं कुठे?

काही नाही. फक्त हल्ली फोन केला की माय आधी विचारते, "कोणता व्हय तू?"

"पुण्याचा," मी सांगतो.

"बरं," ती म्हणते. "जेवलास काय?"

त्याला हे विचारावं लागत नाही.