पावडर लावून येणारी बाई

पावडरचा वास आला की कापूसवेचणीचे दिवस आठवतात. बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी खाल्ली, त्या वर्षी आमच्या टोळीत महागावकडची एक बाई आली. तोंडाला पावडर, इस्त्रीची साडी, आणि वर म्हणायची, "माह्याइतका कापूस कोनी वेचत नाही." ते खरंच होतं, म्हणून बायका तिला जास्तच टाळायच्या. मी मात्र सगळ्यांची लाडकी, कारण मी सारखी म्हणायची, "मले काय येते बाई!" एका दुपारी ती भाकर घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "सोताले कायले कमी म्हणतं? तुहा हात चांगला चालते." बाकीच्या बघत होत्या. मी डबा उचलला आणि त्यांच्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. अजूनही मी सगळ्यांना आवडते. पण आवडत राहता राहता आता थकले आहे, आणि तिच्यासारखी कोणी पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली नाही.