नकोशीनं काढलेला व्हिडिओ

नकोशीला नाव बदलून घे म्हणणारे काही कमी नव्हते. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं रागानं ठेवलेलं ते नाव. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं 'राजलक्ष्मी' लिहिलं, पण ते तांदूळ शिजून पोटात गेले आणि नावही गेलं. आधार कार्ड काढताना मुलगा अजित म्हणाला, "आई, आता तरी चांगलं नाव लाव."

"नको नको म्हनत हुते तरी आलेच न्हवं मी?" ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ दे की."

तिचं माहेर इंदापूरच्या बाजूला, पाटाच्या अगदी शेपटाला. तिथं पाणी सुटल्याची बातमी यायची, पाणी यायचं नाही. पणदऱ्याजवळच्या वस्तीवर सून म्हणून आली तेव्हा पाटातून शेतांना पाणी आणणारी, भरून वाहणारी चारी बघून ती काठावर बसूनच राहिली होती. सासू हाका मारून दमली. नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाट्याच्या तुकड्यात ती वांगी करते, स्वतःच बारामतीच्या मार्केटात नेते, आणि पाण्याचा विषय निघाला की कुणाच्या बापाला ऐकत नाही.

ह्या उन्हाळ्यात तो विषय निघाला. चारीवर प्रत्येकाची पाण्याची वेळ ठरलेली. पण नकोशीची वेळ आली की पाणी तिच्या शेताकडं वळवायच्या लोखंडी दारापर्यंत जेमतेम यायचं आणि तिथंच जिरायचं. वांगी माना टाकायला लागली. वरच्या अंगाला आप्पासाहेबांचा ऊस मात्र हिरवागार. आप्पासाहेब चारीच्या पाणी संस्थेचे अध्यक्ष, त्यामुळं बघूनही कुणाला काही दिसत नव्हतं. शिवाय अजित त्यांचाच ट्रॅक्टर चालवायचा.

एका पहाटे ती चारीच्या कडेनं वर गेली. अंधुक उजेडात, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला कुणी गडी वाकून आप्पासाहेबांच्या उसाचं दार उघडत होता. वेळ तर नकोशीची! चष्मा घरी राहिलेला. तिनं कुंपणाआडून फोन वर धरला आणि व्हिडिओ काढला. घाईनं परतताना पाय घसरला, फोन चारीच्या सिमेंटवर आपटला आणि स्क्रीन काळीठिक्कर पडली. फोन वाजायचा, थरथरायचा, दिसायचं मात्र काही नाही.

फोन दुरुस्त होईपर्यंत गप्प बसायचं होतं, पण गप्प बसेल ती नकोशी कसली! दुपारपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं, हिच्याकडं व्हिडिओ आहे. आप्पासाहेब डेअरीपुढं चारचौघांत हसून म्हणाले, "वैनी, शनिवारी सभा हाय. दावा की व्हिडिओ. न्हाय दावला तर सगळ्यांदेखत चुकलं म्हना, अन् ह्या येळचं पानी इसरा."

"दावीन," नकोशी म्हणाली.

घरी अजित म्हणाला, "आई, फोन गेलाय. सोड नाद." तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं ती बारामतीला, डेपोजवळच्या दीपकच्या मोबाईल दुकानात. सभा दुपारी. दीपकनं फोन उलटापालटा केला. "मावशी, ह्याचा डिस्प्ले आता हितं मिळत न्हाय. पुण्याहनं मागवाय लागंल."

"मागव सावकाश. आधी कॉम्प्युटरला जोड अन् आतला व्हिडिओ काढ."

दीपकनं जोडला. चार्जिंगचा आवाज आला, पण कॉम्प्युटर ढिम्म. त्यानं दुसरी वायर लावली, तिसरी लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. "ओळखत न्हाय, मावशी."

"कोन कुनाला?"

"कॉम्प्युटर तुमच्या फोनाला ओळखत न्हाय. संपला ह्यो. नवा घ्या."

"आरं वाजतोय, थरथरतोय, अन् तू त्याला तिरडीवर बांधाय निघालास? बघ नीट. मी हितनं हलायची न्हाय." आणि ती खरंच दुकानाच्या पायरीवर अशी बसली की मागचं गिऱ्हाईक आत येईना.

दीपकनं वैतागून बॅटरी मारून वायर लावायच्या भोकात बघितलं. "मावशी, ह्यात काय भरलंय?"

नकोशीनं कमरेची चंची काढून दाखवली. एका कप्प्यात पान, एका कप्प्यात मिसरीची डबी आणि त्याच कप्प्यात फोनची जागा. डबीचं झाकण केव्हाचं सैल झालेलं. दीपकनं भोकातली काळी पूड नाकाशी नेली आणि तीनदा शिंकला. "फोनला दात घासायला लावलं तुमी!"

"हस, पन काढ."

त्यानं टाचणीनं कोरून कोरून मिसरी काढली, ब्रश फिरवला. आता वायर आतपर्यंत बसली. कॉम्प्युटरवर फोनचं नाव आलं, पण आत सगळं रिकामं. फोनला कुलूप होतं, आणि ते उघडून 'फायली द्यायच्या' असं फोनवरच दाबावं लागतं. काळ्या काचेवर कुठं दाबणार? दीपक थोडा वेळ डोकं खाजवत बसला. मग त्यानं कपाटातून त्याच कंपनीचा, तसाच एक जुना फोन काढून शेजारी ठेवला. कुलपाची नक्षी नकोशीनं न बघता बोटानं ओढली, रोजची सवय. पुढं चालू फोनवर जिथं बटण दिसेल, तिथंच मेलेल्या काचेवर दीपक अंदाजानं बोट ठेवायचा. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा कॉम्प्युटरवर फोटोंची रांग भरून आली.

"आला!" नकोशीनं पायरीवरून उठून टाळी वाजवली. "लाव लवकर!"

मोठ्या स्क्रीनवर चारी दिसली. गडी वाकला, दार उघडलं, पाणी आप्पासाहेबांच्या उसात शिरलं. मग गडी सरळ झाला आणि तोंडावरचा टॉवेल सोडून त्यानं घाम पुसला.

अजित होता.

"ओळखीचा हाय का?" दीपकनं विचारलं.

"व्हय. माजाच पोरगा." त्या दिवशी ह्याच पोरानं घरी येऊन तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, वांगी वाळल्याची हळहळही केली होती. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. आता कळलं आप्पासाहेब 'दावा की' म्हणून का हसले ते. आई पोराला चव्हाट्यावर आणायची नाही, ह्याची खात्री होती त्यांना. त्या खात्रीचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

दीपक हळूच म्हणाला, "पुसून टाकू का? कुनाला कळायचं न्हाय."

"ह्या तुज्या फोनात घालून दे. सांच्यापतुर परत आनून देते."

डेअरीच्या शेडमध्ये सभा भरली होती. मागं खांबाला टेकून अजित उभा. नकोशीनं फोन पहिल्या रांगेत दिला, तो हातोहात फिरला. जो बघेल तो आधी फोनकडं, मग अजितकडं, मग जमिनीकडं बघायचा.

आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "वैनी, ह्यो तर तुमचाच पोरगा. मग चोर कोन?"

"दार माज्या पोरानं फिरवलं. चोरीच हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. त्याला काय बोलायचं ते मी बोलीन." नकोशी म्हणाली. "पन पानी कुनाच्या उसात गेलं, अध्यक्ष? ते सांगा सभेला."

तेवढ्यात पाटकरी मोहनराव उठले. चारीवर पाणी सोडायचं काम त्यांचं, आणि आप्पासाहेबांपुढं त्यांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं. "बाईची पान्याची पाळी बुडलीय. आज तिलाच पानी द्या," ते म्हणाले. पाठीमागून चारपाच जण "द्या, द्या" म्हणाले, आणि आप्पासाहेबांना मान हलवावी लागली.

नकोशी अजितपुढं जाऊन उभी राहिली. "खोरं घे. चल."

भर उन्हात, वस्ती बघत असताना, त्यानं आईच्या शेताचं दार उघडलं. पाणी पहिल्या सरीत शिरलं, मग दुसऱ्या.

"आई, आता आप्पासाहेब मला कामावर ठेवायचे न्हाईत," अजित खाली मान घालून म्हणाला.

"नगं ठेवू देत," नकोशी म्हणाली. "मला वांगी तोडाय मानूस पायजेच हाय."