हिरो नसलेला सिनेमा

"कुणाला कापायचं नाय," असं म्हणत भाऊ माझ्या हातातला माउस काढून घेत. आळेफाट्याला त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. अक्षता पडताना भटजींच्याही पुढे घुसलेला तो उंच माणूस.

आमचं घर घाटघरचं. भात निघाला की आई-बाप खाली बागायतीत टोमॅटो तोडायला जायचे आणि आम्ही पोरं बांधावरच्या खोपटात राहायचो. भाऊंकडे एडिटिंग करत मी बीए झाले. घरातली पहिली.

भाऊंना एकच वेड. कादंबरीवरून काढलेला, शंभर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन मूकपट. त्यातल्या इंग्रजी पाट्या मी त्यांना मराठीत सांगायचे. दिग्दर्शकानं कादंबरीचं पान न् पान घेतलं, नटांना खऱ्या वाळवंटात नेऊन भाजलं, आणि प्रदर्शनाआधी कंपनीनं कापून सिनेमा एवढासा केला. हे सांगताना भाऊंचा आवाज चिरकायचा. "माणसं फेकली गं त्यांनी."

त्याच गोष्टीवर त्यांनी घाटघरला स्वतःचा सिनेमा काढला. हावेपायी वैरी झालेले दोन मित्र. एकाचं काम आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्यानं केलं, दुसऱ्याचं भाऊंनी स्वतः. वाळवंट म्हणजे नाणेघाटाजवळचं वैशाखातलं पठार. तहानेनं तडफडत चालण्याचा प्रसंग भाऊंनी अनवाणी केला, तळपायाला फोड आले. बाकी सगळं गाव सिनेमात. माझी आईसुद्धा, आटलेल्या झऱ्यातून वाटीनं हंडा भरताना.

प्रदर्शन जुन्नरच्या एका हॉलमध्ये ठरलं. आदल्या दुपारी हॉलवाल्याचा फोन आला. दोनच तास मिळतील, पुढे दुसरा कार्यक्रम आहे. आमचा सिनेमा तीन तासांचा. घाटघरच्या जीपा सांगून झालेल्या.

मी म्हणाले, झऱ्यावरची ती बायकांची रांग काढू, नुसत्याच उभ्या आहेत. भाऊंनी मान हलवली.

"लग्नात नवरीमागं मामा बी नुसताच उभा असतो. काढून बघ त्याला. बहीण-भावाचं बोलणं बंद व्हतं."

मग कापायचं काय? हॉलवाल्याचा फोन पुन्हा वाजला. भाऊंनी उचलला नाही. पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मला काढ."

पठारावरचं त्यांचं चालणं हाच तर सिनेमा होता. मी माउस सोडला. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच स्वतःला कापत गेले. फोड आलेले पाय गेले, पडणं गेलं, मरणही गेलं.

हॉलमध्ये अर्ध्यावर कुजबुज सुरू झाली. "आरं, हिरो कुठं गेला?"

गॅरेजवाला अंधारातून म्हणाला, "पाणी प्यायला गेलाय, राव."

लोक हसले. भाऊंकडे बघायची माझी छाती झाली नाही. पण पडद्यावर ओळखीचं माणूस आलं की कुणीतरी त्याचं नाव घ्यायचं, आणि ते शेवटपर्यंत थांबलं नाही. नंतर मी म्हटलं, तुमचं चालणं परत जोडू. म्हणाले, गावानं बघितला तोच सिनेमा.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. सिनेमात त्यांचं एवढंच उरलंय: झऱ्यापाशी पुढे आलेली एक ओंजळ, आणि तिच्यात वाटीनं पाणी ओतणारी माझी आई.

सिनेमा दोन तासांत बसला. घाटघरचं एकही माणूस कापलं गेलं नाही.