पिकअपचा उंच सायलेन्सर: तामसी ते भैंसा

पोळा झाला आणि दादा म्हणाला, “भैंसाला जाऊ. सायलेन्सर वर काढून आणू.” दोन महिन्यांत माझ्याशी बोललेलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं गाव तामसीकडचं, वाटेत नाला, नाल्यावर पूल नाही. म्हणून दादानं लिलावातली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतलेली. आषाढात वहिनीला कळा सुरू झाल्या. गाडी मी चालवत होतो, माय शेजारी, दादा मागं वहिनीला धरून. भर पाण्यात इंजिन बंद पडलं. बैल लावून ओढेपर्यंत दोन तास गेले. आदिलाबादला पोचलो तेव्हा बाळ राहिलं नव्हतं. कुणी काही विचारायच्या आत दादानं सांगून टाकलं, सायलेन्सरात पाणी शिरलं.

तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा. आदिलाबाद, मग घाट उतरून निर्मल. तिथं इडली आणि पल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, पातळ चटणी खा. तेव्हा दोघांचं पोट पाच-सहा रुपयांत भरायचं. आमचा फुटका सायलेन्सर ऐकून हॉटेलवाला म्हणाला, “ट्रॅक्टर घेऊन आले का?” मी हसलो. दादा इडलीकडं बघत राहिला. निर्मल ते भैंसा रस्त्यापेक्षा खड्डे जास्त, पण दोन्हीकडं कपाशी हिरवीगार होती.

भैंसाला कापसाच्या जिनिंग मिलमागच्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री होता. त्यानं गाडीखाली झोपून तार वाकवली, तेच त्याचं माप. बोअरच्या पाइपात वाळू ठासली, भट्टीत लाल केला आणि तारेबरहुकूम वळवला. वाळूमुळं पाइप चेपत नाही. बंपरखालून निघून केबिनमागून टपाच्या वर जाणारा पाइप! मी कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात त्यानं विचारलं, “वर काऊन नेऊन राह्यले?”

“नाल्यात पाणी शिरलं होतं,” दादा म्हणाला.

“चालत्या इंजनात कसं शिरन? धूरच पाणी बाहेर फेकते. ड्रायव्हरनं मधातच पाय उचलला असन.”

मी उचलला होता. आमच्याकडं भरल्या नाल्याला हळद-कुंकू वाहिल्याशिवाय बाई पार होत नाही. माय म्हणाली, “थांब रे जरा, वाहू दे,” आणि मी ॲक्सिलेटर सोडला. क्षणभरच.

“तुमी पायप लावा,” दादा म्हणाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पण मिस्त्रीला त्याचं काय? त्यानं वेल्डिंग केलं आणि म्हणाला, “बासरपर्यंत गाडी तापवून आना, मंग बोल्ट आवळतो.”

बासरला विद्येच्या देवीच्या देवळात त्या दिवशी गर्दी होती. आईबाप पोरांना मांडीवर घेऊन तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेत होते. दादा गाडीतून उतरला नाही. मीही दर्शन न घेताच गाडीकडं परत आलो.

“दादा, मी तवा पाय...”

“पाह्यलं मी. कुंकू पाण्यावरून जातानी पाह्यलं.” त्यानं गाडी सुरू केली. “खरं सांगतलं तं मायले अन् तुले सोडून मी कुठं जाऊ? चूप बस आता.”

भैंसाला बोल्ट आवळून अंधार पडायच्या आत घाट चढलो. गाडीचा आवाज आता गोड येत होता, मला मात्र तो सोसवत नव्हता.

घरी वहिनी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. दादानं तिला पाइप दाखवला. “पायपाचाच दोष होता. मिस्त्रीनंबी तेच सांगतलं.”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. “खरंच का हो, भावजी?”

माय दारात उभी होती, चौकट धरून. मी म्हणालो, “हो.”

रस्ता आता चांगला झालाय, नाल्यावर पूल आहे, अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. गाडी कधीच भंगारात गेली, मायही गेली. आषाढ आला की वहिनी आजही त्या जुन्या सायलेन्सरला तळतळून शिव्या घालते. मी समोर बसून सगळ्या ऐकून घेतो.