घरासमोरचे तीन ठोके

परवा चौकला एका लग्नाला गेलो होतो. मी, नवरा आणि सासूबाई. उकाडा असा, की नवरा-नवरीपेक्षा पंख्याभोवती गर्दी जास्त...

आधी थोडं सांगते. सासूबाईंचे वडील रेल्वेत कीमन होते. म्हणजे आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी तपासायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या. घर केळवलीजवळ, खोपोली लाइनला अगदी लागून.

त्यांनी टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नोकरी सांभाळून गरजेला बोलावतात त्या सैन्यात, नाव घातलेलं. एकाहत्तरचं युद्ध लागलं, बोलावणं आलं, आणि सीमेजवळ रूळ दुरुस्त करताना बॉम्ब पडून ते गेले. तेव्हा सासूबाई आईच्या पोटात होत्या.

घरात त्यांचा एकच फोटो, वर्दीतला. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात. हार, नारळ, भाषण सगळं होतं. पण बाबा माणूस म्हणून कसे होते, हे सांगणारं कुणी भेटलं नाही, ही सासूबाईंची कायमची खंत. विषय काढला की त्यांची आई उठून चुलीकडे जायची.

तर पंगतीत शेजारी एक आजोबा बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत होते. "तू कुनाची गं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. वडिलांचं नाव ऐकलं आणि नानांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली... ते सासूबाईंच्या वडिलांच्याच गँगमधले, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतले निघाले!

"सखाराम? लय चिडका गं तुझा बाप. चाय थंड दिली तर ओतून टाकायचा." सासूबाई काय खूश झाल्या! (त्याही अगदी तशाच आहेत. त्या फेसबुकवर नाहीत म्हणून लिहितेय.)

मग नानांनी विचारलं, "ठोकं आठवतात का गं?"

आठवतात म्हणजे काय! लहानपणी रोज सकाळी घरासमोर आला की कीमन रुळावर तीन ठोके द्यायचा. त्यांची आई हातातलं काम टाकून दारात यायची आणि हात वर करायची. तो रेल्वेचा नियमच आहे, असं सासूबाई आजवर समजत होत्या. आम्हालाही तसंच सांगायच्या.

"नियम कसला? सखाराम ठोकायचा, मी हितं हाय ते घरात कळावं म्हनून. जाताना गँगला बोलला, मी येईस्तोवर घराम्होरं कुनीतरी ठोका रं, तिला एकटं वाटंल." नानांनी जिलेबी ताटात ठेवली. "आता तो आलाच नाय... मंग आमी बंद कसं करनार?"

कीमन बदलत गेले. प्रत्येक नव्या माणसाला रूळ दाखवताना हे घरही दाखवलं जायचं. सासूबाईंचं लग्न झालं, पुढे त्यांची आई गेली, तोपर्यंत ठोके चालू होते. नवरा उगाचच पाणी आणायला उठला.

शेलूला घरी येईपर्यंत सासूबाई नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी गाडीला ब्रेक कधी मारायचा, तेही त्याच सांगतात. जिना चढता चढता थांबल्या आणि रडायलाच लागल्या. "अगं, जन्मभर म्हणत आले, बाबांची भेटच झाली नाही... रोज सकाळी येत होते की गं!"

गँगमधले बरेच जण आता नाहीत. आम्हाला त्यांची नावंही ठाऊक नाहीत... पण त्या प्रत्येकासाठी आमच्या दारातून आज हात वर केलाय.