आसावरीचा रविवारचा वर्ग

आसावरीला एखादी गोष्ट आवडली की ती आजूबाजूच्या सगळ्यांना आवडलीच पाहिजे, असा तिचा खाक्या आहे. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात आम्ही एकाच रस्त्यावर राहतो, त्यामुळे या खाक्याचा सर्वांत जास्त त्रास मी सोसला आहे. आधी तिनं मला वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणायला लावली. मग कच्चा हेरिंग मासा खायला लावला, तो मी या जन्मी पुन्हा खाणार नाही. आणि मग आलं तिचं ते विद्यापीठ.

विद्यापीठ पुण्याबाहेर, मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काही उद्योगपतींनी पदरचे पैसे घालून ते उभं केलं. तिथं एकच मुलगी इतिहास शिकते, गणित शिकते आणि वर नाटकही करते. आसावरीचा कॉलेजमधला मित्र अंबरीश तिथं तत्त्वज्ञान शिकवतो. हे सगळं तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे श्रीमंतांच्या पोरांची चार वर्षं मजेत जावीत म्हणून काढलेली जागा."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण ती शांतपणे म्हणाली, "तसं होऊ शकतं गं. ते होऊ नये म्हणून तर मी वर्ग घेते."

त्याचं असं आहे. हे विद्यापीठ दरवर्षी काही मराठी माध्यमाच्या मुलांना फुकट घेतं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. पण तिथं फळ्यासमोर बसून उतरवून घ्यायची सोय नाही. गोल बसायचं, वाचलेल्यावर बोलायचं, सरांचं चुकतंय असं वाटलं तर तसं सरांना सांगायचं. निम्मे गुण त्याचेच. ही मुलं रात्रंदिवस वाचून येत आणि वर्गात खाली मान घालून बसत. सरांना उलट बोलायचं नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं, आणि इथं उलट बोलण्याचेच गुण. पहिल्याच वर्षी कितीतरी जण गाशा गुंडाळून घरी परत जात.

हे दुखणं आसावरीनं स्वतः भोगलं होतं. ती अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. इथं आल्यावर पहिल्याच मोठ्या कामात तिला एक चूक दिसली होती, पण मीटिंगमध्ये साहेबाचा उत्साह पाहून ती गप्प बसली. सिस्टीम आपटली. डच साहेब ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की तुला माहीत होतं तर तू त्या खुर्चीत कशासाठी बसली होतीस? ती तेव्हा घरी येऊन खूप रडली होती. नंतर अशी काही बोलायला शिकली, की आता तिच्या ऑफिसातले डच लोकही तिला जरा वचकून असतात.

तर रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. तिकडे दुपार. अंबरीशनं नेमलेली एक शिक्षिका तिथल्या खोलीत मुलांना घेऊन बसायची आणि इकडून आसावरी वाद घालायची. मराठीत. आधी मराठीत भांडता आलं की मग इंग्रजीत येतं, असं तिचं म्हणणं. तिचा नियम एकच होता: ताई जे बोलेल त्यातलं काय पटलं नाही आणि का, हे प्रत्येकानं सांगायचं. सुरुवातीचे कित्येक आठवडे मुलं नुसती म्हणायची, "सगळंच पटलं ताई." मी एकदा चहाला गेले होते, तेव्हा ती मुद्दाम सांगत होती, की पृथ्वी सपाट आहे. तेही सगळ्यांना पटलं!

त्यात गेवराईची चैत्राली होती. आई शिवणकाम करते, मुलगी वाचनात अख्ख्या वर्गाच्या पुढे आणि तोंडाला कुलूप. आसावरीचा जीव तिच्यावर होता. हळूहळू चैत्राली दुसऱ्यांशी वाद घालू लागली, मग सरांशी, मग बाहेरून आलेल्या पाहुण्यांशी. ताईशी मात्र कधीच नाही.

ती शेवटच्या वर्षाला होती तेव्हा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी कळवलं, की हा वर्ग, म्हणजे त्या शिक्षिकेचा पगार, आता त्यांना परवडत नाही. बाहेरून कुणी भार उचलला तरच तो पुढच्या वर्षी चालेल. अल्बर्ट हाइन या किराणा दुकानाच्या रांगेत आसावरीनं मला हे सांगितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आठवडाभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधते," ती म्हणाली. "काहीतरी उभं करते ते फक्त रविवारी. तेच गेलं तर राहिलं काय?" मागचा म्हातारा डच गृहस्थ ट्रॉलीसकट दोन पावलं मागे सरकला.

मग रायस्वाइक गावातला एक हॉल भाड्यानं घेऊन तिनं मराठी मंडळींना बोलावलं. दीपप्रज्वलन, गणेशवंदना, पोहे, सगळं यथासांग. सगळ्यांच्या नजरा हरिहरकाकांवर होत्या. काका इथं सगळ्यांच्या आधी आलेले, स्वतःची कंपनी काढून विकलेले. त्यांनी मनावर घेतलं तर वर्ग वाचणार होता, नाहीतर नाही. भिंतीवरच्या पडद्यावर चैत्राली होती, विद्यापीठातून बोलायला.

आणि इथं आसावरीनं घोळ घातला. इतकी वर्षं डच लोकांत राहून सडेतोड झालेली बाई, पण हातात माईक आणि समोर मराठी मंडळ आल्याबरोबर तिच्या तोंडून आपलं ठेवणीतलं सत्काराचं भाषण बाहेर पडलं. "अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून आलेली ही मुलगी. चार वर्षांपूर्वी हिला तोंड उघडता येत नव्हतं. आपल्यासारख्यांनी हात दिला नसता तर आज ती कुठं असती?" लोक माना हलवत होते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला.

पडद्यावरून आवाज आला, "ताई, मला हे पटलं नाही."

चैत्रालीचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. "मला तोंड उघडता येत होतं. गेवराईत मी वक्तृत्वाची बक्षिसं घेतलीयत. इथं बोलायची पद्धत वेगळी होती, ती मला माहीत नव्हती. तुम्ही सगळे नेदरलँड्सला गेलात तेव्हा तुम्हाला डच येत नव्हतं ना? मग तुम्हाला कुणी बिचारे म्हणालं का? तुम्हाला शिकायला वेळ दिला. आम्हालाही तेवढाच पाहिजे. दया नको."

हरिहरकाकांची कानशिलं तांबडी झालेली मला दिसली. माझ्या मागून कुणीतरी पुटपुटलं, "गेली बघा देणगी." आसावरीनं तेव्हा सारवासारव केली असती तर मी तिला दोष दिला नसता. पोर थकली आहे, परीक्षेचं टेन्शन आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिनं माईक टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चैत्राली बरोबर बोलतेय. माझं चुकलं. ती सांगेल, मी खाली बसते." आणि खरंच खाली येऊन माझ्या शेजारी बसली.

"मला तर तुझंच पटलेलं नाही," काका उठून म्हणाले. "आम्हाला कामासाठी आणलं होतं, म्हणून वेळ दिला. तुम्ही काय काम करणार?"

"आत्ता करतेय तेच काका. न पटलेलं तोंडावर सांगायचं. तुमच्या कंपनीत असं किती जण सांगायचे?"

काका मोठ्यांदा हसले. "मराठी? एकही नाही."

पुढचा अर्धा तास ती दोघं तावातावानं भांडली आणि आम्ही पोहे हातात धरून ऐकत राहिलो. शेवटी हॉलचा डच व्यवस्थापक किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला, तेव्हा काका म्हणाले, "वर्गाचा खर्च मी उचलतो. पण इथून स्क्रीनवर बोलून काही टिकत नसतं, तिथलंच माणूस पाहिजे. या मुलीनं पास होऊन तिथं नोकरी धरावी आणि वर्ग तिनं घ्यावा. सगळा. तसं असेल तर माझा हो."

चैत्राली गडबडली. "वर्ग ताईंचा आहे. त्यांना विचारा."

सगळे आमच्याकडे वळले. रविवार सकाळखेरीज या बाईकडे स्वतःचं असं काय आहे, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी तिचा हात धरला. वाटलं, काहीतरी मधला मार्ग काढेल, निदान महिन्यातला एक रविवार तरी मागून घेईल.

आसावरी उठली. "हिच्याइतका चांगला वर्ग मला घेता येणार नाही," ती म्हणाली. मग ती पडद्याकडे वळली. "चैत्राली, या रविवारपासूनच घे."